घण बाईच्या हाती

बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव आठवते ना? सरळ पट्टी वाकवायची आणि तिची दोन टोकं भट्टीच्या आचेवर ठोकून एकजीव करायची. वेल्डिंगचं मशीन येण्याआधी जोड असाच बसायचा. दिल्लीचा सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभही लोखंडाचे गोळे ठोकून-जोडूनच घडवलेला आहे.

आपल्याकडं हे काम गावच्या लोहाराचं आणि पाल टाकून फिरणाऱ्या घिसाड्यांचं. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई उभ्यानं घण घालते. नवशिक्याची चूक ठरलेली, घाई! लोखंड लाल झालं की ठोकायचं, अन् जोड सुटायचा. ते पिवळसर पांढरं व्हावं लागतं. त्याहून तापलं तर ठिणग्या उडून जळतं. टोकांवर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकली की वरची मळी वितळून निघते. पहिले घाव हलके, मग जोराचे. सगळं काही क्षणांत.

रबरी टायरच्या गाड्या आल्या, धावेचं काम गेलं. कोयता, खुरपं राहिलं. गटाचे फॉर्म भरताना घण घालणाऱ्या बाईपुढं व्यवसाय म्हणून 'घरकाम' लिहिलेलं आम्हाला दिसतं. आम्ही ते खोडून 'लोहारकाम' लिहितो.