घराची कडी आणि प्रयोगशाळेची बाटली

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांतून कामगारांची वैद्यकीय तपासणी होते. कामगार रांगेने आत जातात, रक्त देतात आणि परत पाळीवर उभे राहतात. रक्तात काय सापडले असे विचारले, तर ‘अहवाल ऑफिसात आहे’ एवढेच उत्तर मिळाल्याचे गाऱ्हाणे आमच्या संघटनेच्या खोलीत अनेकदा आले आहे. देह आमचा, मग त्याची माहिती कोणाची? या प्रश्नाचे मूळ शोधताना आम्ही पुस्तकांच्या वाटेने मुंबईच्या प्लेगापाशी जाऊन पोचलो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. तपासणीच्या टोळ्या चाळींत शिरू लागल्या. काखेत, जांघेत गाठ आहे का हे पाहिले जाई. आजारी माणूस इस्पितळात आणि घरचे लोक छावणीत जात. पुण्यातील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. गिरणगावची हकीकत मात्र कमी सांगितली जाते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतरच सक्तीची धार कमी झाली.

ही माणसे अडाणी होती म्हणून बिथरली, असे सरकारी अहवालांचा सूर सांगतो. जनरल गॅटॅकर यांचा १८९७ चा अहवाल वाचावा. त्यात मोजदाद आहे, शिस्त आहे, पण चाळीतल्या बाईचे मन नाही. डेव्हिड अर्नोल्ड यांचे ‘कॉलनायझिंग द बॉडी’ हे १९९३ चे पुस्तक याच घटना देहाच्या बाजूने पाहते. राजनारायण चंदावरकर यांनी प्लेगावरील निबंधात दाखवून दिले, की धास्ती केवळ रयतेने घेतली नव्हती. राज्यकर्तेही घाबरलेले होते. आमच्या मते ही दोन्ही पुस्तके कामगार कार्यकर्त्याने वाचण्याजोगी आहेत.

तथापि, शास्त्राला दोष देऊन मोकळे होणे हा अन्याय होईल. याच दिवसांत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत डॉ. हाफकिन लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच्या देहाला हात लावण्यापूर्वी आपला देह पुढे करणे, ही त्या प्रयोगशाळेची नीती होती. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर प्रयोग झाला. ते आपखुशीने पुढे आले असे सांगतात. परंतु कैद्याच्या खुशीला कितपत खुशी म्हणावे, हा प्रश्न आम्हांस पडतोच. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो पुसला जाण्यास १९०७ साल उजाडले. परळची संस्था १९२५ पासून त्यांचे नाव धारण करून आहे.

आता मुख्य मुद्दा. प्लेग उंदरांवरील पिसवांतून पसरतो हे सीमाँ यांनी १८९८ साली मांडले; १९०५ नंतरच्या संशोधन आयोगाने ते पक्के केले. म्हणजे घराची कडी तोडून माणूस बाहेर ओढला, आणि उंदीर आत राहिला! लोकांचा अपमान झाला आणि रोगही हटला नाही. विश्वासात घेतले असते तर टोचून घेण्यासही अधिक लोक पुढे आले असते.

याला पर्याय होता. ठाण्यात जन्मलेले, १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांच्या सेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगानेच गेले. महिनाभरात, १० मार्चला, पुण्याकडे सावित्रीबाई फुले त्याच सेवेत गेल्या. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता ते दारातून आत गेले. त्यांना कडी तोडावी लागली नाही. मनोहर कदम यांनी लिहिलेले लोखंडे यांचे चरित्र आमच्या तरुण सभासदांनी जरूर वाचावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच्या कितीतरी आधी, भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक रसायनांशी काम करणाऱ्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी आणि ती कामगाराला पाहता यावी, असे तिने सांगितले. ही कृपा नव्हे. मदनपुऱ्याच्या विणकरांनी जे मागितले होते त्याचीच ती उशिरा आलेली पोच आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : तपासणीला नाही म्हणू नका, रक्त जरूर द्या. मात्र अहवालाचा कागद आपल्या हातात मागा, समजेल अशा भाषेत मागा, आणि तो आपल्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका.