मिराई

मिराई : इंटरनेटला जोडलेले सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर मालकाच्या नकळत ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ले चढवणारा मालवेअर. ऑगस्ट २०१६मध्ये तो उजेडात आला आणि नोव्हेंबरअखेर सुमारे सहा लाख उपकरणे त्याच्या कह्यात होती. ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंची सुरक्षा किती तकलादू आहे, हे जगाच्या ध्यानात आणून दिले ते मिराईने.

कार्यपद्धती : मिराईची सारी भिस्त कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डवर होती. त्याच्या कोडमध्ये नाव-पासवर्डच्या ६२ जोड्यांची यादी होती. ‘ॲडमिन–ॲडमिन’, ‘रूट–१२३४५६’, ‘रूट–८८८८८८’ या त्यातल्याच काही. बाधित झालेले उपकरण इंटरनेटवरचे आयपी पत्ते अंदाधुंद धुंडाळत राही. टेलनेटचे, म्हणजे दुरून लॉग-इन करण्याच्या सोयीचे, २३ किंवा २३२३ क्रमांकाचे पोर्ट उघडे सापडले की यादीतल्या कोणत्याही १० जोड्या तिथे वापरून बघितल्या जात. एखादी लागू पडली, की ती उपकरणाच्या पत्त्यासह एका सर्व्हरकडे कळवली जाई. मग दुसरी यंत्रणा त्या उपकरणात लॉग-इन करून त्याच्या प्रोसेसरला चालेल अशी मिराईची प्रत उतरवी.

ही प्रत सुरू होताच स्वतःची फाइल पुसून टाकी आणि फक्त मेमरीत राही. बाहेरून आत यायचा टेलनेटचा मार्ग ती बंद करी आणि आधीपासून ठाण मांडून बसलेला प्रतिस्पर्धी मालवेअर सापडल्यास त्यालाही हुसकावून लावी. कॅमेरा एरवीसारखाच चित्रीकरण करत असल्यामुळे मालकाला शंका यायचे कारणच नसे. उपकरण बंद करून पुन्हा चालू केले की मिराई नाहीसा होई. पण पासवर्ड तोच राहिला, तर काही मिनिटांत परत शिरे.

प्रमुख हल्ले : २० सप्टेंबर २०१६ रोजी सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या संकेतस्थळावर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिट इतक्या डेटाचा मारा झाला. त्याच महिन्यात ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीवरचा मारा एक टेराबिटच्या घरात गेला. महिनाअखेरीस मिराईच्या एका कर्त्याने त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि हे हत्यार कोणाच्याही हाती पडले.

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणे हे या कंपनीचे काम. तेच अडल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट, गिटहब आणि स्पॉटिफाय या सेवा मुख्यतः अमेरिकेच्या पूर्व भागात कित्येक तास विस्कळीत झाल्या. यांपैकी एकाही सेवेचा सर्व्हर बिघडलेला नव्हता. नोव्हेंबरअखेर मिराईच्या एका बदललेल्या आवृत्तीने राउटरच्या दूरस्थ देखभालीच्या पोर्टला लक्ष्य केले. त्यात डॉइच टेलिकॉम या जर्मन दूरसंचार कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

कर्ते : मिराई घडवला तो विशीच्या आसपासच्या तीन अमेरिकी तरुणांनी. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये पैशांची मोठी चुरस होती. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर पाडणे आणि हल्ल्यांपासून संरक्षण विकणे, हे दोन्ही धंदे त्यातूनच फोफावले आणि मिराईही त्याच चुरशीतून जन्मला. तिघांनी २०१७मध्ये अलास्कातल्या संघीय न्यायालयात गुन्हा कबूल केला. एफबीआयला केलेली मदत लक्षात घेऊन सप्टेंबर २०१८मध्ये त्यांना तुरुंगवासाऐवजी पाच वर्षांची परिवीक्षा, २,५०० तासांची समाजसेवा आणि नुकसानभरपाई अशी शिक्षा झाली.

मूळ दोष : पासवर्ड बदलला नाही म्हणून ग्राहकाला बोल लावणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. बाधित झालेल्या अनेक कॅमेऱ्यांत टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला होता. ग्राहकाने ब्राउझरमधून पासवर्ड बदलला, तरी टेलनेटचा जुनाच राही. चीनमधल्या हांगझौच्या शिओंगमाई कंपनीचे सुटे भाग वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांत बसवलेले असत, त्यामुळे एकाच कारखान्यातली चूक अनेक ब्रँडांत पसरली. डिनवरील हल्ल्यानंतर या कंपनीने अमेरिकेत विकलेला काही माल परत मागवला. स्वस्त उपकरण विकून झाल्यावर त्याला अपडेट पुरवण्यात उत्पादकाला कमाई नसते. त्यामुळे भोके बुजवायची कोणी, हा प्रश्न लोंबकळत राहतो आणि त्याची झळ तिऱ्हाइताला बसते.

भारत आणि कायदे : २०१७च्या जुलैअखेर बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम मालवेअरच्या हल्ल्यात बंद पडले, ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड कायम असलेले मोडेम त्यात सापडले. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२०पासून जोडणीयोग्य उपकरणांना सुरक्षेचे किमान नियम लागू आहेत. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून अशा ग्राहकोपयोगी उपकरणांवर सरसकट सारखे किंवा सहज ओळखता येणारे पासवर्ड ठेवण्यास बंदी घातली. भारतात एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली.

हे नियम प्रामुख्याने नव्या मालाला लागू होतात. सोसायट्यांत, दुकानांत आधीच बसलेले कॅमेरे मात्र तसेच चालू आहेत आणि मिराईच्या कोडवर बेतलेले नवे मालवेअर अजूनही त्यांच्या शोधात असतात. अशा जुन्या उपकरणाचा पासवर्ड बदलावा, टेलनेट बंद करावे, फर्मवेअर अद्ययावत करावे. यांतले काहीच शक्य नसेल, तर त्याची इंटरनेट जोडणी तोडावी.