दुसऱ्या स्पर्शाची कुळकथा

पेनल्टीचा चेंडू गोलरक्षकाच्या हाताला लागून परत आला, तर मारणाऱ्याने पुढे धावून तो पुन्हा जाळ्यात धाडावा. गोल बिनतक्रार मिळतो. तोच चेंडू गोलपोस्टला किंवा क्रॉसबारला लागून थेट त्याच्या पायाशी आला, तर मात्र त्याने तो सोडून द्यायचा. पाय लावला की शिट्टी वाजते आणि समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. साध्या फ्री किकलाही हेच लागू आहे. मध्ये दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श हवा, आणि खांब हा खेळाडू नव्हे. वर्षानुवर्षं फुटबॉल पाहणारेही इथे चकतात.

पेनल्टीचा जन्म सर्वश्रुत आहे. आयर्लंडमधल्या मिलफर्डचा गोलरक्षक विल्यम मॅक्रम याची ही कल्पना. 2 जून 1891 रोजी तिचा नियम झाला. दुसऱ्या स्पर्शाच्या बंदीचं मूळ मात्र मला सापडलं ते फुटबॉलमध्ये नव्हे, तर क्रिकेटमध्ये.

1624 साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात हॉर्स्टेड ग्रीन इथे क्रिकेटचा खेळ रंगला होता. फलंदाज एडवर्ड टाय याने चेंडू वर उडवला आणि तो खाली येताना पुन्हा टोलवायला बॅट फिरवली. झेल घ्यायला मागून धावलेल्या जॅस्पर विनॉलच्या कपाळावर ती बसली. काही दिवसांतच विनॉल दगावला. 1744 च्या क्रिकेट नियमावलीत कलम दिसतं: फलंदाजाने मुद्दाम चेंडू दुसऱ्यांदा मारला तर तो बाद. आजचं कलमही तेच सांगतं. क्षेत्ररक्षकाचा स्पर्श होण्याआधी फलंदाजाने जाणूनबुजून दुसरा टोला मारायचा नाही. मुख्य अपवाद यष्टी वाचवण्याचा. आता फुटबॉलचा नियम शेजारी ठेवा. आधी एकाचा फटका, मग दुसऱ्या माणसाचा स्पर्श, तोवर पहिल्याला मनाई. सांगाडा एकच आहे.

हा सांगाडा एका मैदानातून दुसऱ्यात जायला वाटही मोकळी होती. 1857 साली शेफिल्ड क्लब काढणारे क्रेसविक आणि प्रेस्ट क्रिकेटच्या वर्तुळातलेच. चार्ल्स अलकॉक तर 1870 ते 1895 फुटबॉल असोसिएशनचा सचिव आणि 1872 पासून सरे क्रिकेट क्लबचाही सचिव. ज्या माणसांच्या कपाटात दोन्ही नियमावल्या होत्या, त्यांनी एकीतली अट दुसरीत नेली, असा माझा ठाम कयास आहे.

याला विरोधी मत आहे, आणि ते कच्चं नाही. फ्री किक मारणाऱ्यापासून प्रतिस्पर्धी 10 यार्ड लांब असतात. त्याने चेंडू पायाशी घेऊन पळ काढला तर ती सवलतीची लूट ठरेल, म्हणून बंदी आली, असं ते सांगतं. पुरावा म्हणून एव्हर्टनचा सॅम चेडझॉय उभा केला जातो. 1924 साली कॉर्नरवरून थेट गोल मान्य झाला, पण नव्या शब्दरचनेत मारणाऱ्याने चेंडू पुन्हा खेळू नये ही अट राहून गेली. ही फट हेरून चेडझॉयने कॉर्नरवरून चेंडू ड्रिबल करत गोलकडे नेला. चेंडू जाळ्यात गेला की नाही, यावर कथा सांगणाऱ्यांचं एकमत नाही. फट मात्र लगेच बुजवली गेली.

फ्री किक आणि कॉर्नरपुरतं हे पटतं. खांबाशी मात्र ते अडतं. पेनल्टीचा चेंडू खांबाला लागून उसळला की मारणाऱ्याची सवलत संपलेली असते. सगळे एकदमच त्यावर तुटून पडतात. लूट रोखणं हाच हेतू असता, तर तिथे त्यालाही मोकळीक मिळाली असती. ती मिळत नाही, कारण नियम सवलत मोजत नाही, मध्ये कुणाचा हात किंवा पाय लागला एवढंच पाहतो. हीच क्रिकेटची रीत. क्रिकेटला प्रतिस्पर्ध्याचाच स्पर्श लागतो, फुटबॉलला सहकाऱ्याचाही चालतो, हा फरक खरा. पण फुटबॉल हा पासचा खेळ. उसनी अट तिथे तेवढी सैल होणारच.

मात्र उसनवारीत एक मोलाची गोष्ट मागे राहिली: हेतू. 12 मार्च 2025 रोजी माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीगच्या शूटआऊटमध्ये अ‍ॅटलेटिकोचा हुलियान अल्वारेझ पेनल्टी मारताना घसरला. उजव्या पायाने फटका बसला आणि टेकवलेल्या डाव्या पायाचा चेंडूला निसटता स्पर्श झाला. चेंडू जाळ्यात होता, तरी व्हीएआरने गोल रद्द ठरला आणि रेआल माद्रिद 4-2 ने पुढे गेला. त्या क्षणी अल्वारेझने कुणाची वाट अडवली नव्हती की काही लाटलं नव्हतं. नियमाला मात्र घसरणं आणि चोरी यांतला फरक कळत नव्हता.

तीन महिन्यांच्या आत नियमकर्त्या आयफॅबने खुलासा काढला: पेनल्टी मारताना अनवधानाने दोनदा स्पर्श होऊन गोल झाला, तर ती पुन्हा मारायची. क्रिकेटने 1744 मध्येच लिहिलेला 'मुद्दाम'चा निकष फुटबॉलला गवसायला 281 वर्षांचं अंतर पडलं. माझ्या लेखी ही दुरुस्ती म्हणजे जुन्या कलमाचा राहिलेला अर्धा भाग उशिरा हाती येणं आहे. अल्वारेझचा गोल त्याने परत येणार नाही, पण पुढच्या घसरणाऱ्याला न्याय मिळेल.