दहा तारीख आणि जवारीचं पोतं

माझा मामा नागपूरच्या एका गिरणीत कामाला होता. त्याच्या घरी भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असे आणि त्यात दर महिन्याच्या १० तारखेभोवती मामी पेन्सिलीनं गोल काढून ठेवी. एकादशी, चतुर्थी तिच्या ध्यानात राहत, त्यांना गोल नसे. मी लहानपणी विचारलं, "मामी, या दिवशी कोणता सण असते?" ती म्हणाली, "पगार असते बाबू. त्याहून मोठा सण कोणता?"

ही दहा तारीख काही गिरणीमालकाच्या मर्जीची नव्हती. १९३६ साली इंग्रज सरकारनं वेतन देण्याचा कायदा केला. कारखान्यात हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार झाला पाहिजे, हजार किंवा जास्त असतील तर दहा तारखेपर्यंत. गिरण्यांमध्ये हजारांनी माणसं, म्हणून दहा. आमच्या घरी अशी तारीख नव्हती. शेतकऱ्याला वर्षातून एकदाच पैसा दिसतो, कापूस विकला की. त्याला आमच्याकडे चुकारा म्हणतात. मामाचा पगार अन् आमचा चुकारा, या दोन गोष्टींवर दोन घरं कशी तगली आणि कुठं मोडली, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

नागपूरला गिरणी आली ती जमशेटजी टाटांमुळं. १८७४ साली त्यांनी कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून ते नाव. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, दगडी कोळसा वरोऱ्याचा, अन् रेल्वे आधीच येऊन पोचलेली. जुम्मा तलावाजवळची जागा मात्र दलदलीची. ती भरायला पैसा ओतावा लागला. इथल्या एका सावकारानं तेव्हा कर्ज द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतो आहे, असं त्याचं म्हणणं. गिरणी चालल्यावर त्यानंच कबूल केलं की यानं माती घालून सोनं काढलं.

पण त्या सोन्याला सुरुवातीला एक अडचण होती. माणसं रोज कामावर येत नसत. कोणाची पेरणी, कोणाचं लग्न, कोणाचा पोळा. घरी जवारी असेल तर भोंगा वाजला तरी उठायची गरज वाटत नसे. म्हणून टाटांनी हजेरीला बक्षिसं ठेवली, पुढं पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंडासारख्या सोयी केल्या. सरकारचा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला १९५२ साली, गिरणीनं ते कितीतरी आधी केलं. चांगलंच काम होतं ते. पण मला यात दुसरीही एक गोष्ट दिसते. कामगाराचा एक पाय गावात आहे ही मालकाला अडचण वाटत होती. कामगाराला मात्र तो पायच आधार होता.

माझ्या मामाचाही एक पाय गावात होता. आजोबांची जमीन थोडी, भाऊ दोघं. मोठा शेतीत राहिला, धाकटा सत्तरच्या आधी नागपूरला गेला. आधी बदली कामगार, मग कायम. गोळीबार चौकाच्या पलीकडं दोन खोल्यांत सहा माणसं राहत. पगार झाला की मामी चार वाटे करी. किराण्याची उधारी, खोलीचं भाडं, भिशी, आणि उरेल ते भाजीपाल्याला. धान्याचा वाटा त्यात नव्हता. धान्य गावाहून जाई. सुगी झाली की मामाच्या हिश्श्याची जवारी, थोडी तूर आणि मायच्या हातचे सरगुंडे असं सगळं घेऊन मी काटोलहून एसटीनं निघे. पोती टपावर. गणेशपेठच्या स्टँडवर उतरायचं, सायकलरिक्षा करायची. त्या घराला महिन्याला साधारण एक पोतं लागे.

तिकडून रिकाम्या हातानं मी कधी आलो नाही. खताला पैसे कमी पडले की मामाकडून येत. १९७६ साली मी दहावीला बसलो, तेव्हा माझ्या परीक्षेची फी मामाच्या पगारातून भरली. आमच्याकडं धान्य होतं पण नगद नव्हतं, त्याच्याकडं नगद होतं पण धान्य नव्हतं. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. बहीण-भावाचं घर होतं, चालून गेलं.

१९८५ च्या उन्हाळ्यात मामाच्या गिरणीत पगार थांबला. गिरणी धड बंदही नाही, धड सुरूही नाही. कामगार पाळीच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहत आणि घरी येत. असे तीन महिने गेले.

पगार चुकल्यावर घर एकदम बसत नाही. ते पायरी-पायरीनं उतरतं. पहिला महिना किराणावाल्यानं सांभाळला. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक होतं, त्यानं वही पुढं चालू ठेवली. दुसऱ्या महिन्यात त्यानं हात जोडले. मामीला त्याचा राग आला होता, मला नंतर त्याचंही खरं वाटलं. त्या गल्लीतल्या बहुतेक घरांचा पगार एकाच दिवशी थांबला होता. एका घराची उधारी दुकान सोसते, चाळीस घरांची कशी सोसेल? त्यालाही ठोकवाल्याला पैसे द्यायचे होते.

भिशीचंही तेच झालं. बारा जणांची भिशी, त्यातले दहा गिरणीचे. सगळ्यांचा पैसा एकदम थांबला, मग भिशी कोण भरणार आणि कोण उचलणार? शेजाऱ्याकडं मागायला जावं तर तो आपल्याच दारात उभा. मामा मला म्हणाला होता, "एकट्याचा पगार चुकला असता न, तर कोणीतरी धकवून नेलं असतं. सगळ्याइचा चुकला, आता कोण कोणाले धकवते?"

मग मामीनं कामठीकडच्या एका कारखान्याचा पानपुडा घरी आणला आणि विड्या वळायला बसली. आयुष्यात तिनं कधी विडी वळली नव्हती. आधी बोटं चिरली, मग हात बसला. मोठी मुलगी शाळेतून आली की सोबत बसे. तिची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. पगार परत सुरू झाला, तिची शाळा नाही झाली.

मे महिन्यात मामा गावी आला. येतानाच त्याची मान खाली होती. मायनं त्याला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "कोठीत काय हाय बाबू?" तो म्हणाला, "बाई, आठ दिवसाची जवारी हाय."

एखाद्या दुसऱ्या वर्षी प्रश्नच नव्हता. पण त्या वर्षी आमचा चुकाराही अडकला होता. तेव्हा महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, १९७२ पासूनची. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, दुसऱ्याला विकायची बंदी. भावाची हमी होती, व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटका होती, हे त्या योजनेचं श्रेय मी नाकारत नाही. पण पैसा एकरकमी मिळत नसे, हप्त्यांनी मिळे. सोसायटीचं पीककर्ज त्यातूनच आधी कापून घेत. आम्ही संक्रांतीनंतर बंडी भरून नेली, दोन रात्री केंद्राबाहेर बंडीखाली झोपलो, ग्रेडरनं प्रत ठरवली, पावती मिळाली. कर्ज कापलं गेलं ते लगेच. उरलेला चुकारा मृग तोंडावर आला तरी हातात नव्हता. पेरणीला बियाणं घ्यायचं होतं.

बाबा रात्री मायला म्हणाले, "आपलंच काही खरं नाही, त्यायले काय देतं?" बाबा मनानं वाईट नव्हते. घरात सात खाणारी तोंडं होती. मायनं उत्तर दिलं नाही. सकाळी उठून हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि बाबांच्या पुढं ठेवल्या. म्हणाली, "अर्ध्याचं बियाणं आणा. अर्धे त्याले द्या. पोराच्या परीक्षेची फी त्यानं भरली होती, तेव्हा त्यानं नाही विचारलं."

पाटल्या काटोलला सावकाराकडं गेल्या. कोठीतून दोन पोती जवारी मामाच्या घरी गेली आणि आम्ही त्या पावसाळ्यात कण्या आणि अंबाडीवर राहिलो. मामाचा पगार पुढं सुरू झाला, चुकाराही आला. पण व्याज वाढत गेलं आणि पाटल्या सुटल्या नाहीत. माय २००४ साली गेली, तोवर तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. पगार एका पुरुषाचा चुकला आणि भरपाई दोन बायांनी आणि एका पोरीनं केली. हिशेबाच्या कुठल्याच वहीत हे लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

तिकडं मुंबईत तर याहून मोठं घडून गेलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणात, अडीच लाखांच्या आसपास कामगार. ते घरोघर कसे जगले? कितीतरी जण कोकणात, साताऱ्याकडं आपापल्या गावी गेले. गावानं सांभाळले तेवढे सांभाळले. नागपुरात १९८६ साली एम्प्रेस मिल टाटांच्या हातून सुटली, पुढं राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळानं चालवली आणि २००२ साली कायमची बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे.

पगार चुकल्यावर घर किती दिवस टिकेल, हे पगार किती मोठा त्यावर ठरत नाही, असं मला एवढ्या वर्षांत कळलं. ज्याच्याकडं हात पसरायचा, त्याचा पैसा आपल्यासोबतच तर बंद पडत नाही ना, यावर ते ठरतं. गिरणीवाल्याला गिरणीवाला कामी आला नाही, शेतकरी कामी आला. आणि दोघांचंही एकदम अडलं तेव्हा पाटल्या गेल्या.

जुन्या काळी सालदाराचा करार पाडव्याला होई, त्यात नगद थोडं आणि जवारी ठरलेली असे. मालक पैशाला उशीर करी, पण जवारी महिन्याच्या महिन्याला मोजून द्यावीच लागे. सालदाराचं जिणं काही सुखाचं नव्हतं, मी त्याचं गोडवं गाणार नाही. पण त्याच्या पगारातला जो भाग पोटात जाई, तो सहसा चुकत नसे.

आता माझा मुलगा बुटीबोरीच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिलचा पगार झाला नाही, मेचा अर्धा झाला. मोटारसायकलीचा हप्ता, खोलीचं भाडं, नातवाच्या शाळेची फी, सगळं महिन्याला बांधलेलं. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, पण व्याज काही थांबलं नाही. त्यानं फोन केला, "बाबा, घरून काही धाडता येईल काय?"

मी फोन धरून घरात पाहिलं. अर्धी खोली कापसानं भरलेली होती. खरेदी केंद्रं बंद, विकायचा कुठं? सोयाबीन आधीच विकलं होतं. सोयाबीन ऐंशीनंतर हळूहळू आलं आणि जवारीला खाऊन गेलं. मीच पेरलं, कोणी जबरदस्ती केली नाही. नगद मिळत होतं, जवारीला रानडुकरं ठेवत नव्हती. पण कापूस शिजत नाही. कोठी मी दोन वर्षांआधी भंगारात दिली होती. शेतकऱ्याच्या घरात दुकानाचा गहू होता आणि रेशनचे तांदूळ. त्या वर्षी सरकारनं माणशी ५ किलो धान्य फुकट दिलं, त्यावर आमचं निभलं. मुलाचं रेशनकार्ड गावात आणि तो बुटीबोरीत. पोलिसांच्या पासावर जाणाऱ्या एका भाजीच्या गाडीतून मी आमच्याच वाट्यातले तांदूळ त्याला पाठवले. एक कट्टा. पोतं नाही.

त्याच दिवसात मामीचा फोन आला होता. पंच्याहत्तरी ओलांडली आहे तिनं, मामा नाही आता. तब्येत विचारली, पोरांचं विचारलं आणि मग म्हणाली, "कोठीत काय हाय बाबू?" मायचाच प्रश्न. मला खोटं बोलवलं नाही. म्हटलं, "मामी, कोठीच नाही आता."

पुढच्या रब्बीला मी एक एकरात जवारी पेरली, दरवर्षी पेरतो. डुकरांसाठी रात्री मचाणावर बसतो, पाखरांसाठी दिवसा डबे वाजवतो. बायको हसते, म्हणते यापेक्षा विकत स्वस्त पडते. तिचा हिशेब बरोबर आहे. पण विकतची जवारी पैशानं येते, आणि ज्या महिन्यात पैसा येत नाही त्या महिन्यात तीही येत नाही. गेल्या साली चार पोती झाली. दोन मुलाकडं ठेवून आलो. सूनबाई म्हणाली, "एवढी कशाला बाबा, जागा कुठं आहे?"

पलंगाखाली ठेव म्हटलं.