व्हिएन्ना, मुंबई, लंडन : समावेशक सामुदायिक नृत्याची एक दुर्लक्षित परंपरा

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत नृत्याची एक नवी चळवळ उदयास आली. अंध, कर्णबधिर, शारीरिक अपंगत्व वा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनी आणि अपंगत्व नसलेल्या व्यक्तींनी एकाच वर्गात शिकावे व एकाच रंगमंचावर नृत्य करावे, हे तिचे सूत्र होते. या प्रकारास ‘समावेशक सामुदायिक नृत्य’ असे म्हणता येईल. येथे ‘सामुदायिक’ या शब्दाने परंपरागत लोकनृत्य अभिप्रेत नसून, पूर्वशिक्षणाची अट न घालता सर्वांना खुले असलेले नृत्य अभिप्रेत आहे.

या चळवळीचा इतिहास बहुधा अमेरिकेपासून सांगितला जातो. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टन यांनी ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ ही पद्धती मांडली. स्पर्श आणि परस्परांच्या भाराची देवघेव यांतून स्फुरणारी हालचाल हा तिचा पाया होता. ठरावीक पदन्यासाची सक्ती नसल्याने चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीसही तिच्यात स्थान मिळाले. त्यातूनच १९८७ मध्ये अमेरिकेत अलिटो अलेस्सी व कॅरन नेल्सन यांचा ‘डान्सॲबिलिटी’ हा उपक्रम सुरू झाला. हा इतिहास खरा असला तरी पूर्ण नाही. त्याहून जुना असलेला एक धागा मुंबईतून जातो. सदर निबंधात त्या धाग्याचा मागोवा घेतला आहे.

व्हिएन्ना ते मुंबई :

हिल्डे होल्गर (१९०५–२००१) या व्हिएन्नातील ज्यू नर्तिका. गर्ट्रूड बोडनवीझर यांच्याकडे त्यांनी अभिव्यक्तिवादी नृत्याचे शिक्षण घेतले आणि १९२६ मध्ये स्वतःची नृत्यशाळा काढली. साचेबंद सौंदर्यापेक्षा अंतरीच्या भावनेस अनुरूप हालचाल शोधणे, हे या नृत्याचे वैशिष्ट्य होते. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाला आणि ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये होल्गर मुंबईस आल्या. मागे राहिलेले त्यांचे अनेक आप्त पुढे नाझींच्या वंशसंहारात बळी पडले.

मुंबईत १९४० मध्ये डॉ. आदी बोमन-बेहराम या पारशी होमिओपॅथिक डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला. १९४१ मध्ये त्यांनी येथे नृत्यशाळा सुरू केली. ही शाळा अपंगांसाठी नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु तिच्यात निरनिराळ्या धर्मांचे व वंशांचे विद्यार्थी एकत्र शिकत. वंशाच्या आधारावर जिला रंगमंचावरून दूर करण्यात आले, त्या नर्तिकेने असा वर्ग चालवावा ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. फाळणीनंतरच्या अशांत वातावरणात, १९४८ मध्ये, हे कुटुंब लंडनला गेले.

घरातून रंगमंचाकडे :

१९४९ मध्ये होल्गर यांना डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्या काळी अशा मुलांना संस्थांमध्ये ठेवून समाजाच्या दृष्टीआड करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रूढ होती. होल्गर यांनी मुलासाठी नृत्याधारित उपचारपद्धती विकसित केली. तथापि त्या उपचारापाशी थांबल्या नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लंडनच्या सॅडलर्स वेल्स या नामांकित रंगमंदिरात ‘टुवर्ड्स द लाइट’ ही रचना सादर केली. तिच्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांनी व्यावसायिक नर्तकांसह भाग घेतला. अशा प्रकारच्या आरंभीच्या सार्वजनिक प्रयोगांत तिची गणना होते.

त्यांचे शिष्य वोल्फगांग श्टांगे यांनी १९८० मध्ये लंडनमध्ये ‘अमिची’ ही नृत्यनाट्यसंस्था स्थापन केली. ‘अमिची’ म्हणजे मित्र. होल्गर यांच्या जीवनावर आधारित ‘हिल्डे’ ही रचना या संस्थेने १९९६ मध्ये लंडनमध्ये आणि १९९८ मध्ये व्हिएन्नात सादर केली. ज्या नगरीने होल्गर यांना परागंदा केले, तेथेच त्यांची कथा अपंग व अपंगत्व नसलेल्या कलावंतांनी मिळून सांगितली.

उपचार की कला?

या परंपरेत एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. नृत्य हे केवळ उपचार मानले, तर अपंग व्यक्ती ही रुग्ण ठरते आणि प्रेक्षकाच्या मनात करुणा निर्माण होते. तेच नृत्य कला मानले, तर तीच व्यक्ती कलावंत ठरते आणि तिच्या कामाची समीक्षाही करावी लागते. सेलेस्ट डँडेकर यांनी ॲडम बेंजामिन यांच्यासह १९९१ मध्ये ‘कँडोको’ ही संस्था स्थापन केली. १९७३ मध्ये रंगमंचावरील अपघातात मणक्यास दुखापत झालेल्या डँडेकर स्वतः व्यावसायिक नर्तिका होत्या. त्यांच्या संस्थेने दयेऐवजी समीक्षेचा स्वीकार केला.

मुंबईच्याच सुधा चंद्रन यांचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. १९८१ मधील अपघातानंतर पाय गमावूनही ‘जयपूर फूट’च्या साहाय्याने १९८४ मध्ये त्या पुन्हा भरतनाट्यम् सादर करू लागल्या. हे यश असामान्यच होय. परंतु तेथे नृत्याचे निकष पूर्ववत राहिले आणि व्यक्तीने जिद्दीने ते गाठले. समावेशक नृत्यात मात्र निकषांचाच पुनर्विचार होतो.

कर्णबधिरांच्या बाबतीत हा पुनर्विचार अधिकच आवश्यक ठरतो. वॉशिंग्टनमधील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात १९५५ मध्येच पीटर विशर यांनी नृत्यपथक उभारले होते. लय केवळ कानांनीच कळते असे नाही. जमिनीची कंपने, सहनर्तकाची हालचाल आणि मोजलेले ताल यांतूनही ती उमगते. कर्णबधिर नर्तकाची खरी अडचण पुष्कळदा ऐकू न येणे ही नसून, वर्गातील सूचना केवळ बोलून दिल्या जाणे ही असते. सांकेतिक भाषेची व्यवस्था नसलेला वर्ग सर्वांना खुला असल्याचे कितीही सांगितले, तरी तो त्यांना बंदच राहतो.

निष्कर्ष :

१) समावेशक नृत्याचा उगम केवळ अमेरिकन प्रयोगशीलतेत नाही. निर्वासन, मातृत्व आणि मुंबईसह तीन नगरांचा अनुभव यांतूनही त्याची एक परंपरा घडली.

२) अपंगांना प्रवेश देणे ही समावेशनाची पहिली पायरी होय. नृत्य कशास म्हणावे हे ठरविण्यात त्यांचा वाटा असणे, ही खरी कसोटी होय.

३) २००६ मध्ये संमत झालेल्या व भारताने २००७ मध्ये अनुसमर्थित केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक हक्कांच्या कराराचे तिसावे कलम याच दिशेने जाते. अपंगांच्या सर्जनशीलतेचा विकास त्यांच्या स्वतःच्या हिताबरोबरच समाजाच्या समृद्धीसाठीही व्हावा, असे ते मानते. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषांना व संस्कृतीलाही ते मान्यता देते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत त्यांचा वेगळा, टाळ्यांसाठी राखून ठेवलेला कार्यक्रम असावा, की सर्वांच्या समूहनृत्यात त्यांची जागा असावी, हा प्रश्न या इतिहासातून आपल्याही दारी येतो.