बंद पडलेला रेल्वे पूल: संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो?

कळमेश्वरच्या स्टेशनवर उभे राहा, समोर इटारसीकडे जाणारी मोठी लाईन दिसेल. शेजारच्या सावनेर तालुक्यातून 2015 च्या अखेरीपर्यंत छोटी लाईनही धावायची. ती नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज. तिच्या रुळांमधलं अंतर 762 मिमी, ब्रॉडगेजचं 1676 मिमी. रूपांतरासाठी ती बंद झाली. नव्या गाडीबद्दल आपण खूप बोललो. पण अशा वेळी जुन्या पुलांचं काय होतं?

विषय कसा निवडायचा, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. हाच प्रश्न घेऊन बघू.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीवर पोकीप्सीचा रेल्वे पूल आहे. लांबी साधारण 2 किमी, सुरुवात 1889 ची. 8 मे 1974 ला त्यावर आग लागली. मालक कंपनी आधीच दिवाळखोरीत होती, त्यामुळे दुरुस्ती झाली नाही. पाडणंही महाग. पूल तसाच उभा राहिला. 1992 मध्ये नागरिकांनी पायवाटेसाठी संस्था काढली आणि 3 ऑक्टोबर 2009 ला लोक त्यावरून चालू लागले. मधे 35 वर्षं गेली.

आता लगेच "मजबूत होता म्हणून वाचला" असं लिहून मोकळे होऊ नका. जे पूल पाडले गेले ते तुमच्या यादीत आहेत का? फक्त वाचलेल्यांकडे बघून कारण ठरवणं, ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे "गाडी पेलली, मग माणसं का नाही पेलणार?" हा तर्क. बांधताना असलेली ताकद आज तेवढीच असेलच असं नाही. लोखंड गंजतं, पुरात पायाखालची माती वाहून जाते. आणि पूल नवा आहे म्हणून भक्कम, असंही नाही. भोर घाटाचा रेल्वेमार्ग 1863 ला सुरू झाला आणि तिथला एक मोठा दगडी पूल जुलै 1867 मध्येच कोसळला. म्हणून वय विचारायचं नाही, तपासणी विचारायची.

तिसरी गोष्ट कायद्याची. अमेरिकेत 1983 च्या दुरुस्तीमुळे बंद मार्ग पुढे रेल्वेसाठी राखून, तोवर पायवाट म्हणून वापरता येतो. आपल्याकडे छोटी लाईन बंद होते ती बहुतेक वेळा मोठी करण्यासाठीच. त्यामुळे तुलना नुसत्या पुलांची केली तर ती फसते. जमीन कोणाची आणि तिचं पुढे काय ठरलंय, हेही त्यात धरावं लागतं.

तुमच्या भागात जुना खांब किंवा गर्डर दिसला तर वर चढू नका. परवानगी घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, दगड की पोलाद ते लिहा, पाटीवरचं साल टिपा, जुन्या गँगमनशी बोला. गर्डर एकदा भंगारात गेला की मोजायला काहीच उरत नाही. प्रबंध दोन वर्षांनी लिहिला तरी चालेल, नोंद मात्र आत्ताच करा.