द्राक्षमळा, दिंडोरी आणि जमिनीचा प्रश्न

देवळाचा इतिहास लिहिण्याची आपल्या अभ्यासकांना जितकी सवय आहे, तितकी मळ्याचा इतिहास लिहिण्याची नाही. नाशिक म्हटले की आपल्याला २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना तो अधिकच जवळचा. कारण त्याआधी अमरावतीत अंबादेवीच्या दाराशी हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी तिथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले होते. आजचा विद्यार्थी मात्र नाशिकला जायचे म्हणतो ते वाईनचा मळा पाहायला.

म्हणून गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून निघालेल्या सहलीत मी काळारामाबरोबर तोही पाहिला. गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वडिलोपार्जित जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. या भागातल्या वाईनधंद्याचा इतिहास इथूनच सांगतात. पैसे भरले की पाहुण्याला पोलादी टाक्या आणि लाकडी पिंपे दाखवतात, चवीपुरते चार-सहा पेले पुढे ठेवतात. गच्चीवरून वेलींच्या रांगा दिसतात. खानावळ आहे, मुक्कामाची सोय आहे. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत अनवाणी पायांनी द्राक्षे तुडवण्याची हौसही भागवता येते. (आमच्या घरी पायाने तुडवायचा तो भिंतीसाठी चिखल, त्याला कुणी तिकीट लावले नाही!) मी काही प्यालो नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी, आणि दारूची वकिली मला करायची नाही. पण न पिणाऱ्यालाही मळ्याविषयी विचारण्याजोगे बरेच असते.

बार्शीटाकळीकडच्या एका विद्यार्थ्याने ते विचारले, “सर, हे येल छाटते कोन?”

एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, काड्या बांधणे, पाने विरळ करणे, मग तोडणी, असे वेलीचे वर्ष असते. नाशिकच्या द्राक्षबागांत हे हात पुष्कळदा पेठ-सुरगाण्याच्या आदिवासींचे असतात. डोंगरात पाऊस मोप आणि जमीन तुटपुंजी, म्हणून टोळ्या खाली उतरतात. माझे वडील सालदार होते. पाडव्याला साल ठरे आणि वर्षभर माणूस मालकाचा होई. त्यामुळे विद्यार्थ्याचा प्रश्न मला पुस्तकी वाटला नाही.

आणखी एक गोष्ट मी मुलांना तिथेच सांगितली. ज्या दिंडोरी तालुक्यात आज द्राक्षे आणि वाईनचे कारखाने आहेत, त्याच तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली दादासाहेब गायकवाडांचा जन्म झाला. काळारामाच्या सत्याग्रहाचा भार वाहणारे हेच भाऊराव. देऊळ उघडावे म्हणून लढलेला हा माणूस पुढे जमिनीकडे का वळला, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. धर्मांतरानंतर देवळाची गरजच उरली नाही. पण पोटाची उरली. वतने कायद्याने गेली, गावकीची कामे गेली, हे योग्यच झाले. मात्र वतन सुटलेल्या माणसाच्या हाती जमीन किती आली? १९५९चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेला देशव्यापी लढा हे या प्रश्नाचे उत्तर मागत होते. लाखो माणसे तुरुंगात गेली. आपल्या साहित्यात काळारामावर जितके लिहिले गेले, त्याच्या पावपटही या लढ्यावर लिहिले गेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

मळ्याचा इतिहास लपवलाच पाहिजे असे नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ ग्रूट कॉन्स्टान्शिया नावाचा मळा आहे. १६८५ साली डच कंपनीचा अधिकारी सायमन व्हान डर स्टेल याला ती जमीन मिळाली. पुढे क्लुटे घराण्याच्या काळात तिथली गोड वाईन युरोपभर गाजली. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती पोचत असे. ती पिकवली गुलामांनी. मादागास्कर आणि मोझांबिकमधून, जावाकडच्या बेटांवरून, तसेच आपल्या बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांवरून केपला माणसे विकत आणली जात. कुणाचे नाव ‘बंगालचा’ अमुक, कुणाचे नुसते महिन्याचे, जानेवारी नाहीतर सप्टेंबर. कचरू, धोंडू, दगडू ही नावे ज्यांच्या घरात होती त्यांना यातली गोम सांगायला नको. १८३४ साली केपमधली गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांवर मजुरीचा काही भाग स्वस्त वाईनच्या रूपाने देण्याची ‘डॉप’ नावाची चाल मात्र विसाव्या शतकातही टिकून राहिली. मजूर व्यसनी आणि व्यसनी म्हणून बांधलेला! तिच्या खुणा तिथल्या मजुरांच्या मुलाबाळांच्या प्रकृतीवर अजून दिसतात. कॉन्स्टान्शियालाही पाहुण्यांना पेले मिळतात, जेवण मिळते. पण मालकाच्या जुन्या वाड्यात आता संग्रहालय आहे आणि त्यात गुलामांचे जिणेही मांडलेले आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांना अर्पण करणाऱ्या जोतीरावांना हे नाते आपल्या आधी उमगले होते.

आपल्याकडे २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि वाईनला शेतीमालाच्या नात्याने करात सवलती दिल्या. मेळघाटातल्या कोरकूने घरी मोहाची गाळली, तर त्याच्यासाठी १९४९चा दारूबंदी कायदा आहे. वेलही शेतातला, मोहही रानातला. फरक आहे तो गाळणाऱ्याच्या जातीत आणि भांडवलात.

परतताना बसमध्ये मुलांनी दिंडोरीच्या आजच्या भूमिहीनांविषयी विचारले. मी त्यांना मार्च २०१८ची गोष्ट सांगितली. बागांमध्ये तोडणी चालू होती आणि सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी, त्यांत म्हाताऱ्या बायाही, कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागत ६ तारखेला नाशिकहून पायी निघाले. १२ तारखेला ते मुंबईत पोचले तेव्हा अनेकांच्या तळपायांची सालटी निघालेली होती.